कोरा चहा आणि घरचा हिशेब

आपल्या धाराशिव जिल्ह्यात कुणाच्याही दारात पाऊल टाका, सलाम-दुआ संपायच्या आत आतून आवाज येतो, ‘‘चाय पीको जाव.’’ कळंब असो, उमरगा असो, परंडा असो की भूम, या वाक्यात काडीचा फरक नाही. शेजारच्या घरात तेच ‘‘चहा घेतल्याशिवाय जायचं नाही’’ असे मराठीत ऐकू येते. लग्नाची बोलणी चहावर होतात, जमिनीचा सौदा चहावर ठरतो आणि मय्यतीच्या घरची चूल थंड असते तेव्हा शेजारून पहिली किटली चहाचीच येते.

ज्या पेल्यावर आपण एवढा भार टाकला आहे, त्यात नेमके काय आहे हे मात्र क्वचितच पाहतो. पातेले ठेवले, पाणी-साखर-आले घातले, पूड टाकली, दूध ओतले, दोनदा वर येईपर्यंत उकळले आणि गाळले. यात चहाच्या पानाची चव कोणती, साखरेची कोणती आणि नुसत्या सवयीची कोणती, हे सांगता येईल का?

म्हणून ईदनंतर आम्ही घरात एक नेम सुरू केला. रोज असरच्या नमाजनंतर सुट्या पानाचा कोरा चहा करायचा. दूध नाही, उकळताना साखर नाही. रोज एकच गोष्ट बदलायची, म्हणजे आज पाणी, उद्या पत्ती, परवा वेळ. एका जुन्या वहीत दोन ओळी लिहायच्या. चवीसाठी सुरू केलेला हा नेम पुढे घराच्या हिशेबापर्यंत गेला, म्हणून आज त्यावर लिहावेसे वाटले.

कोऱ्या चहाची बदनामी

आपल्याकडे कोरा चहा म्हणजे नाइलाज. दूध फाटले, दूधवाला आला नाही, पोट बिघडले किंवा महिनाअखेर आली की कोरा चहा. ऊसतोडीच्या कोपीवर, खडी फोडणाऱ्यांच्या पालावर तो रोज होतो. पण तो पाहुण्यापुढे ठेवायचा म्हटले की घरातल्या बाईला कानकोंडे होते. पहिल्या दिवशी आमच्या दादींनी कपात डोकावून विचारले, ‘‘मैं बीमार हूँ क्या बेटा?’’

त्यांचे बरोबरच होते. हा दुधाचा मुलूख आहे. भूम भागातला खवा आणि कुंथलगिरीचा पेढा लांबवर जातो. दारात उस्मानाबादी शेळी असलेल्या घरात शेळीच्या दुधाचा चहा होतो. अशा ठिकाणी दूध न घालता चहा देणे म्हणजे हात आखडता घेणे, असेच लोक समजणार.

पण कोऱ्या चहाची दुसरीही एक परंपरा आहे, आणि तिचा एक मोठा धागा आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या नगर जिल्ह्यातून जातो. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘भारत छोडो’चा ठराव झाल्यावर इंग्रज सरकारने काँग्रेसच्या कार्यकारिणीला अहमदनगरच्या किल्ल्यात कैद केले. त्यात पक्षाचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद होते, पंडित नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव आणि आपले शंकरराव देवही होते. मौलाना तिथे एप्रिल १९४५ पर्यंत होते. त्या काळात त्यांनी नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी यांच्या नावाने जी पत्रे लिहिली, ती ‘गुबारे खातिर’ या नावाने १९४६ मध्ये छापून आली. उर्दू गद्यात या पुस्तकाचे स्थान मोठे आहे, आणि त्यात चहावर पाने खर्ची पडली आहेत.

मौलाना पहाटे तीन-चारच्या सुमारास उठत आणि आपला चहा आपल्या हाताने करत. चमेलीचा सुगंध दिलेली चिनी पत्ती, दूध वर्ज्य. दूध घालून उकळलेल्या पेयाला चहा म्हणायला ते तयार नव्हते, आणि हिंदुस्थानात लोकांनी चहाचे काय करून ठेवले आहे यावर त्यांनी मनसोक्त कोपरखळ्या मारल्या आहेत. हे सारे वाचताना एक गोष्ट विसरू नये. याच कैदेत असताना, एप्रिल १९४३ मध्ये, कलकत्त्याला त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम यांचे निधन झाले आणि त्यांना अखेरची भेट घेता आली नाही. सगळे काही हातातून काढून घेतलेले असताना पहाटेचा तो पेला त्यांनी आपल्या हातात ठेवला होता. दादींना आम्ही हे वाचून दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी कप परत पाठवला नाही.

पान आणि दाणा

आता पत्तीकडे वळू. चहा एकाच जातीच्या झुडपाचा. फरक पडतो तो करण्याच्या रीतीत. काळ्या चहासाठी खुडलेली पाने आधी मलूल होऊ देतात, मग वळतात, हवेत ठेवून तांबूस-काळी पडू देतात आणि शेवटी गरम हवेत वाळवतात. ही जुनी रीत. अशा पत्तीच्या पुड्यावर ‘ऑर्थोडॉक्स’ असे लिहिलेले असते. पाने वळलेली, लांबट दिसतात आणि गरम पाण्यात हळूहळू उलगडतात.

दुसरी रीत यंत्राची. १९३० च्या सुमारास आसामात विल्यम मॅकर्चर यांनी पान चिरडून, फाडून, त्याचे गोळीसारखे दाणे करणारे यंत्र आणले. त्यालाच ‘सीटीसी’ म्हणतात. आपल्या किराणा दुकानातला दाणेदार चहा तो हाच, आणि देशात तयार होणारा बहुतांश चहाही हाच. दाण्याचा रंग झटकन उतरतो, तो कडक होतो आणि दूध-साखर पेलतो. त्याहून बारीक ती डस्ट, म्हणजे भुकटी. दहा माणसांचा चहा स्वस्तात व्हावा म्हणून दाणा आणि भुकटी उत्तम. पण दूध-साखर काढून घेतली की दाण्याचा चहा जिभेला करकरीत लागतो, कारण तो दुधासाठीच घडवलेला आहे. कोऱ्या चहासाठी लांब पत्तीच हवी, हा आमच्या वहीतला पहिला ठराव.

अशी पत्ती आपल्याकडे गल्लीत मिळत नाही. सोलापूर, पुणे, हैदराबादच्या चहाच्या दुकानांत मिळते, किंवा घरपोच मागवता येते. आम्ही तीन प्रकार पाहिले. आसामची पत्ती दाट, लालसर. दुधाची सवय असलेल्यांनी इथून सुरुवात करावी. निलगिरीची हलकी आणि सुगंधी. लिंबू-पुदिन्याशी तिचे चांगले जमते. दार्जिलिंगची सर्वांत नाजूक आणि महाग. तिच्यात लिंबूसुद्धा नको वाटतो. देशात भौगोलिक मानांकन मिळालेली पहिली वस्तू दार्जिलिंगचा चहा आहे, २००४ सालची.

आपले पाणी

पत्तीइतकाच फरक पाण्याने पडतो, आणि हा प्रयोग आपल्या जिल्ह्यात करण्यासारखाच आहे. आपले बोअरचे पाणी जड. पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो, तो त्यातल्या क्षारांचा. त्याच पाण्यात कोरा चहा केला तर रंग मळकट दिसतो आणि थोड्या वेळाने वर तेलकट, चमकणारा पापुद्रा येतो. पुष्कळ जण त्याला भेसळ समजतात. तो पाण्यातला चुना आणि चहातले तुरट घटक मिळून झालेला असतो. त्यात लिंबाचे चार थेंब टाका, पापुद्रा विरतो.

आम्ही एकाच वेळी तीन कप केले. एक बोअरच्या पाण्याचा, दुसरा जारच्या पाण्याचा, तिसरा बोअरचे पाणी रात्री उकळून, निवळून, वरचे घेतलेल्या पाण्याचा. जारच्या पाण्याचा रंग सर्वांत उजळ. निवळलेल्या पाण्याचा त्याच्या खालोखाल, आणि चव मात्र जारच्यापेक्षा भरीव. म्हणजे चांगल्या चहासाठी रोज जार विकत घ्यावा लागत नाही. आदल्या रात्री पाणी उकळून झाकून ठेवले की काम भागते. पाणी एकदाच उकळावे, तासभर खदखदत ठेवू नये. बालाघाटच्या या पठारावर पाणी शंभर अंशांच्या साधारण दोन अंश अलीकडेच उकळते, म्हणून लांब पत्तीवर खळखळ उकळतेच पाणी ओतावे आणि झाकण लावावे.

घड्याळ

कपामागे अडीच ग्रॅम पत्ती पुरते. लांब पत्ती फुगीर असल्याने तो चहाचा चमचा भरून होतो. दाण्याचा मात्र सपाट चमचाच तेवढा भरतो. पत्ती किटलीत किंवा झाकणाच्या भांड्यात घालायची, उकळते पाणी ओतायचे आणि मुरू द्यायचे. पत्ती आचेवर उकळायची नाही, हा या चहाचा मुख्य नियम.

वहीतल्या नोंदी अशा आहेत. दोन मिनिटे : सुगंध आहे, अंग नाही. तीन मिनिटे : निलगिरी आणि दार्जिलिंगला पुरेशी. चार मिनिटे : आसामला योग्य. सहा मिनिटे : जीभ आवळते. दहा मिनिटे : दादींच्या शब्दांत ‘कडू काढा’. उकळून केलेल्या चहाला एवढी साखर का लागते, हे या नोंदींवरून सहज कळते. पान जास्त शिजले की तुरटपणा उतरतो, तो झाकायला साखर लागते, साखर झाली की चव यायला पूड आणखी टाकावी लागते.

लांब पत्तीचा दुसरा फायदा म्हणजे तीच पत्ती पुन्हा एकदा चालते. दुसऱ्या वेळी एक-दोन मिनिटे जास्त ठेवायची. दाण्यातून पहिल्याच वेळी सारे उतरून जाते. उरलेल्या चोथ्यात दूध-साखर नसल्याने मुंग्या येत नाहीत. तो सरळ गुलाबाच्या कुंडीत जातो.

मुलांना यातला एक प्रयोग फार आवडला. काचेच्या तीन पेल्यांत सारखा कोरा चहा घ्यायचा. एकात लिंबू पिळायचे, एकात चिमूटभर खाण्याचा सोडा, तिसरा तसाच. लिंबाचा चहा फिका, सोनेरी होतो. सोड्याचा गडद, काळपट. आंबट आणि अल्कली पदार्थांत रंग बदलतो, हे शाळेत लिटमस कागदावर शिकवतात. इथे ते पेल्यात दिसते. उन्हाळ्यासाठी आणखी एक : लिटरभर थंड पाण्यात दहा ग्रॅम पत्ती आणि पुदिन्याची पाने घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचे, सकाळी गाळून त्याच दिवशी संपवायचे. थंड पाण्यात तुरटपणा कमी उतरतो, म्हणून साखरेची आठवणही होत नाही. मे महिन्यात रंगीत बाटल्यांच्या ऐवजी हे पाहुण्यांपुढे ठेवून पाहा.

पातेले कुणाचे?

आता मूळ मुद्दा. आपल्या नेहमीच्या पातेल्यात सगळ्यांचा चहा एकत्र उकळतो. त्यात एकाची आवड सर्वांवर लागू होते. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला गोड लागतो, मग सर्वांनी गोड प्यायचा. ज्याला साखरेचा आजार आहे त्याने ‘‘मेरे लिए अलग मत करो’’ म्हणत तोच प्यायचा, कारण वेगळे पातेले म्हणजे सुनेला वेगळा त्रास. आणि जी करते, ती सर्वांत शेवटी, तळाला राहिलेला, दोनदा गरम केलेला अर्धा कप घेते.

कोरा चहा मुरवला की हे गणित आपोआप मोडते. किटलीत फक्त पत्ती आणि पाणी. शेजारी गरम दुधाचे छोटे भांडे, साखरेची वाटी, लिंबाच्या फोडी. ज्याला जे हवे ते त्याने आपल्या कपात घ्यायचे. अब्बांना साखर वर्ज्य. त्यांनी पहिल्या दिवसापासून बिनसाखरेचा घेतला आणि कुणाला सांगावेही लागले नाही. दादींनी दूध-साखर घेतली, पण स्वतःच्या हाताने घालायची म्हटल्यावर दोन चमच्यांचा एक झाला. करणारीही सगळ्यांसोबत बसून प्यायला लागली, कारण राखण करायला उकळते पातेलेच नव्हते.

हे काही नवे नाही. हैदराबादच्या इराणी हॉटेलांत चहा असाच होतो. झाकण बंद करून मुरवलेला कोरा अर्क एका भांड्यात, आटवलेले दूध दुसऱ्यात, आणि दोघांची भेट कपातच. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाने आपल्या शहराला उस्मानाबाद हे नाव मिळाले होते, आणि १९४८ पर्यंत आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. आजही कित्येक घरांची सोयरीक तिकडे आहे. तिथली बिर्याणी आपण आणली. जेवणावळीनंतर तिथे दिला जाणारा लिंबाचा सुलेमानी चहा आणि ही वेगळ्या भांड्यांची रीतही आणायला हरकत नाही.

साखरेचा हिशेब एकदा कागदावर मांडाच. एक चमचा साखर म्हणजे साधारण चार ग्रॅम. चार मोठी माणसे, दिवसाला चार कप, कपात दोन चमचे : रोज १२८ ग्रॅम, महिन्याला जवळपास पावणेचार किलो, आणि तीही फक्त चहातून. माणशी पाहिले तर रोज ३२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत असावी, आणि २५ ग्रॅमच्या आत असेल तर अधिक चांगले. म्हणजे शिरखुर्मा, बिस्किटे, लग्नातले गोड हे सारे येण्याआधी चहानेच २५ ग्रॅमची मर्यादा ओलांडलेली असते. आमच्या घरात वाटी वेगळी झाल्यावर चहाची साखर महिन्याला दीड किलोवर आली. कुणी कुणाला उपदेश केला नाही.

आता दुधाचे. कपात ७५ मिलिलिटर दूध धरले तर वरच्या सोळा कपांना रोज १२०० मिलिलिटर लागते. निम्मे कप कोरे झाले तर ६०० मिलिलिटर दूध वाचते. ते दूध तीन मुलांच्या पेल्यात जाऊ शकते. पुष्कळ घरांत मोठ्यांच्या चहाला दूध असते आणि शाळेला निघालेले मूल चहा-चपाती किंवा चहा-बटरवर जाते. चहाने भूक मरते, पोट भरत नाही. हे ज्याच्या घरात घडते त्याने किटली बदलण्यापूर्वी मुलाचा पेला बदलावा.

महाग पत्ती परवडते का, असे विचाराल. किलोला ८०० रुपयांची पत्ती धरा. कपाला अडीच ग्रॅम म्हणजे दोन रुपये, आणि तीच पत्ती दुसऱ्यांदा वापरली तर एक. दूध लिटरला ६० रुपये धरले तर एका कपातल्या दुधाचेच साडेचार रुपये होतात; पूड आणि साखर वेगळी. कोरा चहा महाग पत्तीचा असूनही स्वस्तच पडतो.

ज्याच्याकडे दुर्लक्ष नको

कोऱ्या चहाची स्तुती करताना एक गोष्ट मात्र ठासून सांगितली पाहिजे, विशेषतः बहिणींना. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी देशात ५७ टक्के आणि महाराष्ट्रात ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात दोघी उभ्या असतील तर त्यांतल्या एकीचे रक्त कमी असण्याची शक्यता आहे.

याला कारणे अनेक आहेत. पण चहाची वेळ हे त्यातले आपल्या हातातले कारण आहे. चहातले तुरट घटक भाकरी, डाळ, मेथी, पालक यांतल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात उतरू देत नाहीत. दूध घातल्याने हे टळत नाही, आणि कोरा असल्यानेही टळत नाही. मांसातल्या लोहावर हा परिणाम कमी होतो, पण मटण-कलेजी रोज कुणाच्या घरी होते? रोजचे लोह भाजी-भाकरीतूनच येते. म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत जेवणाच्या किमान एक तास आधी आणि एक तास नंतर चहा-कॉफी घेऊ नये, असे सांगितले आहे. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी चहासोबत तर कधीच घेऊ नये. लिंबूपाण्यासोबत घ्यावी, कारण लिंबू लोह शोषायला मदत करते.

त्याच मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅफिन नको, असेही म्हटले आहे. एका कप चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम असते. कडक चहाचे पाच कप झाले की आपण काठावर येतो. गरोदर बहिणींनी, धडधड किंवा झोपेची तक्रार असणाऱ्यांनी किती घ्यावा हे डॉक्टरांना विचारावे. लहान मुलांना चहा नकोच, कोराही नको.

रमजानमध्ये हे अधिक सांभाळावे लागते. इफ्तारच्या दस्तरख्वानावर खजुरापाठोपाठ किटली फिरते आणि सहरीचा शेवट चहाने होतो. दिवसभराचे सारे लोह या दोन जेवणांतून मिळायचे असते आणि दोन्हीच्या जोडीला चहा असतो. ज्यांचे रक्त कमी आहे त्यांनी सहरीचा चहा सोडावा आणि इफ्तारनंतर तासाभराने, इशाच्या आधी एक कप घ्यावा. आमचा असरनंतरचा नेम यासाठीच सोयीचा पडतो : दुपारचे जेवण पचलेले असते आणि रात्रीच्या जेवणाला अवकाश असतो.

सुटी पत्ती घेताना

सुटा चहा स्वस्त मिळतो म्हणून कुठूनही घेऊ नये. वापरलेला चोथा वाळवून, रंग देऊन पुन्हा विकण्याचे प्रकार घडतात. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने घरच्या घरी करता येण्याजोगी परीक्षा सांगितली आहे. टिपकागदावर थोडी पत्ती पसरावी, पाणी शिंपडून कागद ओला करावा, थोड्या वेळाने पत्ती काढून कागद नळाखाली धुवावा आणि उजेडात धरून पाहावा. चांगल्या पत्तीचा डाग उरत नाही. रंग दिला असेल तर काळपट-तपकिरी डाग राहतो. पत्तीवरून लोहचुंबक फिरवला तर लोखंडाचा कीस असल्यास चिकटून येतो. चुंबक मुलांच्या खेळण्यात सापडतोच. घेतलेली पत्ती हवाबंद डब्यात, मसाल्यांपासून लांब ठेवावी. चहा शेजारच्या लवंग-वेलचीचा वास पटकन ओढतो.

सुरुवात कशी करावी

एकदम सगळा चहा कोरा करू नये. घरात बंड होईल आणि ते रास्तही असेल. सकाळचा दुधाचा चहा जसा आहे तसा राहू द्या. दिवसातला एकच वेळ निवडा, जेवणापासून तासभर दूर असलेला. पहिला आठवडा आसामची पत्ती, वेगळे दूध, वेगळी साखर. दुसऱ्या आठवड्यात दूध कमी करून लिंबू किंवा पुदिना. अंगणातला गवती चहाही चालेल. त्यात चहाचे पान नसतेच, त्यामुळे नुसता उकळला तर रात्री झोपेच्या आड येत नाही. तिसऱ्या आठवड्यात निलगिरी, तीन मिनिटे, काहीही न घालता. चौथ्या आठवड्यात घरच्यांना ठरवू द्या.

पाहुण्यांच्या बाबतीतही संकोच नको. ‘‘साखर किती घालू?’’ असे विचारणे कंजूषपणा नाही. समोरच्याला आजार आहे की नाही, हे न विचारता त्याला जपण्याचा तो मार्ग आहे. ट्रेमध्ये किटली, दूध आणि साखरेची वाटी वेगळी ठेवली तर तेवढेही विचारावे लागत नाही. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांपैकी कित्येकांनी साखरेला हात लावला नाही. ‘‘घरी मिळत नाही असा,’’ असे एका वयस्क खालांनी हळूच सांगितले. त्यांच्या घरी चहा चारदा होतो आणि पातेले एकच असते.

या महिन्यात महिनाभर साखरेचा डबा किती तारखेला संपतो ते लिहून ठेवा, आणि घरात चहा सर्वांत शेवटी कोण पिते तेही पाहा. पुढच्या महिन्यात किटली आणि वाटी वेगळी करा, आणि दोन्ही नोंदी पुन्हा करा. काय फरक पडला ते आम्हाला पत्राने जरूर कळवा. आपल्या गावच्या पाण्यात कोणती पत्ती खुलली हेही लिहा. उमरग्याचे पाणी आणि परंड्याचे पाणी एक नाही, तेव्हा सर्वांच्या वह्या मिळूनच या जिल्ह्याच्या चहाचा खरा हिशेब लागेल, इन्शाअल्लाह.